हुशार ससा रोज पेनमधून पळतो, काय करावं?

एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात वन बीएचके फ्लॅट, दीड वर्षाचा नर ससा, नाव गोट्या, वजन दोन किलोच्या आसपास, नसबंदी झालेली नाही. हॉलमध्ये २४ इंच उंचीचं, आठ पॅनेलचं लोखंडी पेन, म्हणजे सशाला आत ठेवायचं, वरून उघडं कुंपण. आधी तो उडी मारून बाहेर पडायचा. मग वर सहा इंच जाळी बांधली, काही दिवसांनी तीही पार केली. मग वरून चादर टाकली, तर आता कडी उघडतो. रोज पहाटे सोफ्याखाली सापडतो, मोबाइलचे दोन चार्जर कुरतडून झालेत. आई म्हणतात, सरळ पिंजऱ्यात ठेवा. ताईंनी विचारलंय की पेन किती उंच घ्यावं, आणि पिंजरा खरंच बरा का.

मी पुण्यातच सशांचं बोर्डिंग चालवते. दिवाळीत आणि मे महिन्यात लोक गावाला जाताना ससे ठेवून जातात, आणि नव्या जागी आलेला प्रत्येक ससा पहिल्याच रात्री पेनची कसून तपासणी करतो. त्यामुळे या विषयावर बोलायला माझ्याकडे बरंच आहे.

आधी सरळ उत्तर. पिंजरा नको. पेन कुठल्याही पूर्ण वाढ झालेल्या सशासाठी ३६ इंचांच्या खाली घेऊ नका, आणि ज्याला उडी मारायची चटक लागली आहे त्याच्यासाठी ४२ ते ४८ इंच घ्या. पण नुसती उंची वाढवून गोट्या थांबणार नाही. त्याचं कारण तुमच्याच प्रश्नात आहे.

आधी २४ इंच, मग ३०, मग चादर, मग कडी. दर वेळी अडथळा थोडासाच वाढला आणि दर वेळी तो त्याला जमला. स्वीडनमध्ये १९७० च्या दशकापासून सशांच्या अडथळा-उड्यांच्या स्पर्धा होतात. तिथे सशाला तयार करतात ते अगदी असंच. दांडी आधी खाली ठेवायची, जमली की थोडी वर घ्यायची, पुन्हा जमली की आणखी थोडी. असे तयार झालेल्यांपैकी सर्वांत तरबेज ससे एक मीटरच्या आसपास उडी घेतात. घरोघरी नेमकं हेच नकळत घडतं. ससा सुटला की आपण त्या दिवशी सापडलेलं एक भोक बुजवतो आणि निर्धास्त झोपतो. सशाला मात्र एवढंच कळतं की प्रयत्न करत राहिलं की वाट सापडते. त्यातही दहा रात्रींत एकदाच सुटका झाली, तर ती सवय रोजच्या सुटकेपेक्षा जास्त पक्की बसते, कारण आज नाही तर उद्या जमेल हे त्याला ठाऊक झालेलं असतं.

म्हणून माझं सांगणं एकच आहे. दुरुस्ती तुकड्या-तुकड्याने करू नका. सामान जमवा, एक रविवार ठरवा, आणि उंची, कडी, सांधे, जमीन, आतली मांडणी सगळं त्याच दिवशी बदला. त्यानंतर त्याला एकदाही यश मिळता कामा नये. तोपर्यंत, पुढे सांगते त्या चित्रीकरणाच्या दोन रात्री सोडल्या तर, रात्री त्याला पेनमध्ये कोंडूच नका. वायरी उचलून ठेवलेल्या एखाद्या खोलीत लिटर ट्रे (शी-शूचा ट्रे), पाणी आणि भरपूर गवत देऊन दार लावून घ्या. त्या आठवड्यात उडी आणि कडीचा सराव बंद राहील, हाही फायदाच.

सामान घ्यायच्या आधी दोन रात्री पेनचं चित्रीकरण करा. एखादा जुना मोबाइल स्टुलावर उभा करायचा, झिरोचा बल्ब चालू ठेवायचा, बस. दोन गोष्टी बघायच्या. तो नेमका कुठून आणि कसा बाहेर पडतो ही पहिली. बाहेर पडल्यावर सर्वांत आधी कुठे जातो ही दुसरी, आणि ती जास्त महत्त्वाची.

माझ्याकडे एकदा लोंबत्या कानांची एक मादी राहायला होती. मालकांनी बजावून सांगितलं होतं की ही दार उघडते. कॅमेऱ्यात दिसलं ते असं. ती दाराजवळ आली, नाक कडीच्या दांडीवरून दोनदा फिरवलं, वरचा ओठ दांडीच्या खाली घातला आणि थांबली. कान मागच्या खोलीकडे वळवले. आवाज नाही याची खात्री झाल्यावर दांडी दातांत धरून वर उचलली आणि कपाळाने दार ढकललं. दार उघडल्यावर पळालीसुद्धा नाही. उंबऱ्यावर बसून दोन्ही पंजांनी तोंड साफ केलं आणि सावकाश चालत शेजारच्या खोलीतल्या गवताच्या पोत्यात जाऊन शिरली. सकाळपर्यंत तिथेच होती. पेनमध्ये गवत होतं, पण टोपलीत घट्ट कोंबलेलं, एकेक काडी ओढून खायचं. तिला गवताच्या ढिगात बसून खायचं होतं. दुसऱ्या दिवशी एका मोठ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात गवत भरून आत ठेवलं. कडीही बदललीच, पण नव्या कडीकडे तिने फारसं लक्षच दिलं नाही.

गोट्या रोज सोफ्याखाली सापडतो, म्हणजे त्याला काय हवंय ते त्याने तुम्हाला सांगितलंच आहे. अंधारी, ठेंगणी, डोक्यावर छत असलेली जागा. आपल्याकडे शेतात दिसणारा ससा वेगळा. तो बिळं खणत नाही, झुडपाच्या आडोशाला बसतो. पाळीव ससे मूळचे स्पेन-पोर्तुगालकडच्या युरोपीय जातीचे आहेत. ती जात जमिनीखाली बिळांची जाळी करून कळपाने राहते. शेकडो वर्षं माणसाळूनही ती ओढ गेलेली नाही. चारही बाजूंनी उघड्या पेनमध्ये, वर पंखा गरगरत असताना आणि समोर टीव्ही चालू असताना, त्याला लपायला जागाच नसेल तर तो सोफा गाठणारच. पेनमध्ये एक पुठ्ठ्याचं खोकं उपडं ठेवा, त्याला दोन बाजूंना दारं कापा. दोन हवीतच, एकच दार असलं की सशाला ते सापळ्यासारखं वाटतं आणि तो आत जात नाही. खोक्याला जोडून पुठ्ठ्याचाच एखादा बोगदा ठेवला तर उत्तम. फक्त हे सगळं पेनच्या मध्यभागी ठेवा. कडेला ठेवलेलं प्रत्येक खोकं, लिटर ट्रे, गवताची टोपली ही त्याच्यासाठी पायरी आहे. ३६ इंची पेनच्या कडेला १२ इंची खोकं ठेवलंत, तर त्याच्या दृष्टीने पेन पुन्हा २४ इंचांचं झालं. मी बघितलेल्या उड्यांपैकी बहुतेक जमिनीवरून घेतलेल्या नव्हत्या, कशावर तरी चढून घेतलेल्या होत्या.

आता पेनकडे वळू. तयार फोल्डिंग पेन घेणार असाल तर उभ्या सळ्यांचं बघून घ्या. आडव्या सळ्या म्हणजे शिडी. काही ससे पंजे अडकवत खरोखर चढतात, विशेषतः चौकोनी मांडलेल्या पेनच्या कोपऱ्यात, जिथे दोन बाजूंना पाय लावता येतात. आठ पॅनेल असतील तर चौकोनाऐवजी अष्टकोनात मांडा. कोपरे उघडे होतात, आणि पॅनेलही एकमेकांना धरून जास्त घट्ट उभी राहतात. सळ्यांमधली फट एक इंचाच्या आसपास हवी. मोठा ससा दीड इंचातून जात नाही, पण डोकं घालून अडकू शकतो, आणि सुटण्यासाठी तो मागच्या पायांनी जी झटापट करतो ती भयंकर असते. सशाचा सांगाडा शरीराच्या मानाने फार हलका, वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास, आणि मागच्या पायांचे स्नायू प्रचंड ताकदीचे. स्वतःच्याच लाथेने पाठीचा मणका मोडलेले ससे डॉक्टरांकडे येतात. म्हणून अडकण्याची प्रत्येक जागा ही पळण्याच्या जागेपेक्षा जास्त गंभीर समजा.

बजेट असेल तर जवळच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेणं मला जास्त पसंत आहे. एमएस (साध्या पोलादी) पाइपची चौकट, उभ्या सळ्या, पावडर कोटिंग. साधं जस्ताचं गॅल्व्हनाइज्ड काम नको, कारण ससा ते कुरतडतो आणि जस्त पोटात जातं. हार्डवेअरच्या दुकानात स्वस्त मिळते ती षटकोनी छिद्रांची कोंबडीची जाळी तर मुळीच नको. ती कोंबड्या अडवते. ससा तिची तार वाकवतो, तोडतो, आणि तुटलेल्या टोकांनी तोंड फाडून घेतो. दार आतल्या बाजूला उघडणारं करून घ्या. ही लहानशी गोष्ट फार कामाची आहे. ससा दार ढकलतो जास्त, ओढतो कमी. आत उघडणारं दार ढकललं की उलट चौकटीवर दाबलं जातं.

कडी. तयार पेनांना वर उचलून सरकवायची जी दांडीची कडी असते ती सशासाठी जणू मुद्दाम केलेली असते. सशाच्या डोळ्यांना आजूबाजूचं आणि वरचं जवळपास सगळं दिसतं, पण ऐन नाकासमोरचं दिसत नाही. तिथलं काम तो ओठांनी आणि मिशांनी करतो, आणि त्यांना लोखंडाचा किंचित हलणारा भागही कळतो. जो ससा कडी उचलत नाही तो सळ्या दातांत धरून हलवतो, आणि त्या हादऱ्यांनीही कडी हळूहळू वर सरकते. उपाय साधा आहे. कडीच्या भोकातून स्क्रूचं कॅराबिनर, म्हणजे गिर्यारोहक दोर अडकवायला वापरतात ती स्क्रूने बंद होणारी धातूची कडी, लावा. ट्रेकिंगला जाणाऱ्या कोणाच्याही घरी एखादं पडलेलं असतं. खाली एक आणि वर एक, कारण फक्त वर लावलं तर दाराचा खालचा कोपरा तो कपाळाने रेटून वाकवतो आणि तिथून सरपटत निघतो. प्लॅस्टिकचे केबल टाय तात्पुरते ठीक, पण ते पेनच्या आत राहिले तर रात्रीत कापले जातात आणि तुकडे पोटात जातात. सशाला उलटी होत नाही; गिळलेलं प्लॅस्टिक पुढेच जायला हवं, नाहीतर आतडं बंद होतं. बांधायचंच असेल तर तारेने बांधा, पीळ बाहेरच्या बाजूला घ्या आणि टोकं दुमडून टाका.

सांधेही तपासा. दोन पॅनेल जिथे क्लिपने जोडतात तिथली सगळ्यात खालची क्लिप अनेकदा निसटलेली असते. हात लावून ओढून बघा. तुमच्या मुठीला सहज रुंदावता येते ती फट सशाच्या डोक्यालाही रुंदावता येते, आणि डोकं गेलं की अंग जातं.

व्हिट्रिफाइड फरशीवर लोखंडी पेनसुद्धा सरकतं. ससा एका बाजूला छाती लावून रेटतो, पेन भिंतीपाशी जातं, वाकडं होतं आणि सांधा उघडतो. एखादी बाजू खिडकीच्या ग्रिलला किंवा जड दिवाणाच्या पायाला बांधून टाका. स्वतःचं घर असेल तर भिंतीत दोन हूक मारा. भाड्याच्या घरात ड्रिल मारता येत नाही तेव्हा दिवाणाचा पायच खरा आधार.

खाली जाड सुती सतरंजी घाला. गुळगुळीत फरशीवर सशाचे पाय फाकतात, तळव्यांना जखमा होतात, आणि पळण्यासाठी तो कडेला जोर लावतो त्याचं एक कारण हेही असतं की पेनमध्ये त्याला नीट धावताच येत नाही. सतरंजीची कड पेनच्या बाहेर चांगली फूटभर राहू द्या. उकरण्याची सुरुवात ससा नेहमी कडेपासून करतो. कड सापडली नाही तर पेनखाली वाट करण्याचा नाद लवकर सुटतो. मुलांच्या खोलीत घालतात ते कोड्यासारखे जुळणारे फोमचे तुकडे मात्र वापरू नका. ते त्याला फार आवडतात, आणि तेही आतड्यात अडकतात.

छताबद्दल माझं मत स्पष्ट आहे. चादर काढून टाका. पुण्यात एप्रिल-मेमध्ये हॉलचं तापमान सहज ३३-३४ अंशांवर जातं. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो, आणि ३० अंशांच्या वर उष्माघाताचा धोका सुरू होतो. त्यात वरून चादर म्हणजे कोंडलेली हवा. शिवाय उडी मारताना तो चादरीत नखं अडकवून लटकतो. पेन ४८ इंचांचं असेल तर घरातल्या सशाला छताची गरज नसते. छत लागतंच ते घरात मांजर असेल, किंवा खिडकीतून शेजारचं मांजर येत असेल तेव्हा. मग ते जाळीचं, ताठ आणि चांगलं उंचावर हवं, कारण ठेंगण्या छतावर त्याचं डोकं आणि मान आपटते.

इथपर्यंतचं सगळं केलंत तर गोट्या आत राहील. पण आत राहून तो काय करेल हा प्रश्न उरतो, आणि आईंच्या पिंजऱ्याचं उत्तरही त्यातच आहे.

दोन-दोन फुटांची आठ पॅनेल चौकोनात मांडली तर १६ चौरस फूट जागा होते. ब्रिटनमधली रॅबिट वेल्फेअर असोसिएशन दोन सशांसाठी किमान ३ मीटर बाय २ मीटर जागा सांगते, म्हणजे सुमारे ६५ चौरस फूट, तीही सतत मोकळी. वन बीएचकेमध्ये एवढं कायमचं देणं सोपं नाही, हे मला माहीत आहे. बाजारात ससा विकताना सोबत देतात तो दोन फुटी पिंजरा मात्र यात कुठेच बसत नाही. त्यात ससा तीन उड्याही घेऊ शकत नाही, अंग ताणून उभा राहू शकत नाही, आणि तळाला तार असेल तर पाय सडतात. पिंजऱ्यातला ससा शांत दिसतो, पण तो शहाणा झालेला नसतो, त्याने हातपाय गाळलेले असतात. आईंना हे समजावताना माझा अनुभव सांगा: बोर्डिंगला येणारे चावरे ससे बहुतेक पिंजऱ्यातून आलेले असतात.

जागा कमी आहे तर वेळ वाढवा. ससा दिवसभर हुंदडत नाही, त्याची खरी जाग पहाटे आणि तिन्हीसांजेला असते. दुपारी तो झोपतोच, तेव्हा पेनमध्ये असला तरी त्याचं काही बिघडत नाही. तुमच्याकडे तो पहाटे सुटतो ते यामुळेच. सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी सात ते दहा असा मोकळा वेळ द्या, आणि तो घड्याळ लावून द्या. ससे वेळ फार पक्की धरतात. दार सहाला उघडतं हे एकदा पटलं की पाच वाजता दाराशी झगडण्याचं कारण पुष्कळ कमी होतं. उलट आज सहाला, उद्या साडेआठला, परवा विसरलो, असं झालं की तो स्वतःच दार उघडायला लागतो.

पेनमधल्या वेळातही त्याला काम द्या. दिवसाचे पेलेट, म्हणजे तयार खाद्याच्या गोळ्या, वाटीत ओतू नका. पुठ्ठ्याच्या नळीत गवत भरून त्यात खोचा, अंड्यांच्या कागदी ट्रेमध्ये लपवा, सतरंजीच्या घड्यांत टाका. एका खोल खोक्यात वर्तमानपत्राचे कपटे भरून ठेवा, उकरायला. कुरतडायला पेरूच्या किंवा तुतीच्या फांद्या, औषध न मारलेल्या. आणि गवत, अमर्याद गवत. सशाच्या आहारात ८० टक्क्यांहून जास्त गवतच हवं, आणि ते चावण्यात त्याचे कितीतरी तास जातात. आयातीचं टिमोथी गवत परवडत नसेल तर सावलीत नीट वाळवलेली हरळी चालते. लसूणघास वाढत्या पिलांना ठीक. मोठ्या सशाला रोज नको, त्यात कॅल्शियम फार. पावसाळ्यात गवताला बुरशी धरते, तेव्हा पोतं उघडल्यावर आधी वास घ्या. कुबट वास आला की टाकून द्या. कोवळी ज्वारी किंवा तिचे फुटवे चुकूनही देऊ नका, त्यात विषारी द्रव्य असतं. शेतकरी घरातल्या लोकांना हे सांगावं लागत नाही, शहरात सांगावं लागतं.

आता नसबंदी. दीड वर्षाचा, नसबंदी न झालेला नर पेनमध्ये शांत बसेल ही अपेक्षाच त्याच्यावर अन्याय आहे. चार-सहा महिन्यांचा झाल्यापासून त्याचं शरीर त्याला जोडीदार शोधायला आणि हद्द आखायला सांगतंय. तुमच्या पायांभोवती गोल-गोल फिरतो का? मुताची पिचकारी मारतो का? बाहेर पडला की सोफ्याच्या, टेबलाच्या कडांवर हनुवटी घासतो का? असेल तर पळण्यामागे निम्मं कारण तेच. सशाला भूल देण्यात कुत्र्या-मांजरांपेक्षा जोखीम जास्त असते, म्हणून डॉक्टर निवडताना संकोच न करता विचारा: सशांच्या शस्त्रक्रिया नियमित करता का? भूल गॅसची देता का? नंतर वेदनाशामक देता का? आणि सशाला शस्त्रक्रियेआधी उपाशी ठेवा असं कोणी सांगितलं तर दुसरा दवाखाना बघा. ज्याला उलटीच होत नाही त्याला उपाशी ठेवण्याचं कारण नाही, आणि पोट रिकामं राहिलं तर त्याचं आतडं मंदावतं. शस्त्रक्रियेनंतर फरक लगेच दिसत नाही, हार्मोन उतरायला काही आठवडे लागतात. चार ते सहा आठवडे त्याच्यापासून मादी गाभण राहू शकते, हेही लक्षात ठेवा.

हे खासकरून त्यांच्यासाठी, ज्यांच्याकडे नर आणि मादी वेगवेगळ्या पेनमध्ये आहेत. तिथे पेन फोडणं म्हणजे नुसता चार्जर जाणं नव्हे. मीलन काही सेकंदांत होतं, साधारण ३१ दिवसांनी पिलं होतात, आणि नर जवळच असेल तर मादी त्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते. ‘बहीण-बहीण आहेत’ म्हणून विकलेल्या जोडीत एक नर निघाल्याचं मी अनेकदा पाहिलंय. मादीची नसबंदी आणखी महत्त्वाची, कारण वय वाढेल तसा तिला गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका फार मोठा असतो.

नव्या मांडणीनंतरचे पहिले काही दिवस कठीण जातील, याची तयारी ठेवा. वाट बंद झाली की ससा प्रयत्न सोडण्याआधी ते दुप्पट करतो. पहाटे सळ्या खडखडवेल, पाय आपटेल. त्या वेळी उठून ओरडू नका आणि ‘गप्प बस रे बाबा’ म्हणून कोथिंबिरीची काडीही देऊ नका. दोन्हींमधून त्याला एकच कळतं, खडखडवलं की माणूस येतो. तो मिनिटभर थांबला की मग जा. सळ्या चावण्याची सवय जुनी असेल तर त्या बाजूला खालचा फूट-दीड फूट जाड अ‍ॅक्रिलिक शीट बाहेरून लावून टाका, कारण सतत सळ्या चावून पुढचे दात वाकडे होतात. सशाचे दात जन्मभर वाढतात, पुढचे आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर. एकदा जुळणी बिघडली की दर काही आठवड्यांनी ते कापायला न्यावं लागतं.

आणि तो सुटलाच तर पाठलाग करू नका. सोफ्याखालून झाडूने हुसकणं, कोपऱ्यात कोंडून पकडणं, कान धरून उचलणं, यातलं काहीही एकदा झालं की पेनमध्ये परत जाणं ही त्याच्यासाठी शिक्षा ठरते, आणि पुढच्या वेळी तो जास्त लवकर आणि जास्त लांब जातो. त्याऐवजी पेलेटचा डबा वाजवायला शिकवा. रोज संध्याकाळी पेनमध्ये जायच्या वेळी डबा खुळखुळवायचा आणि ठरलेल्या पेलेटचा मोठा भाग आत, त्या वेळीच द्यायचा. आधी पेनच्या दारापासून, मग हॉलच्या दुसऱ्या टोकापासून, मग दुसऱ्या खोलीतून. हुशार ससे हे फार भराभर शिकतात. ज्या डोक्याने तो कडी उघडतो तेच डोकं इथे तुमच्या उपयोगाला येतं, आणि मला या कामातला सर्वांत आनंदाचा भाग हाच वाटतो. डब्याच्या आवाजावर धावत येऊन आपणहून आत उडी मारणारा ससा बघितल्यावर आईंचंही मत बदलेल.

तरी हॉल असा ठेवा की सुटला तरी जिवाला धोका नको. चार्जर प्लगमधून काढून ठेवा, टीव्ही-फ्रिजच्या वायरी पीव्हीसी केसिंगमध्ये घाला, बाल्कनीचं दार रात्री बंद. उंदरांचं औषध घरात असेल तर ते घराबाहेरच गेलं पाहिजे, कोपऱ्यात सरकवून चालणार नाही. कुंड्यांमध्ये कण्हेर असेल तर ती हलवा. मनीप्लांटही उंचावर, खाली लोंबणार नाही असं.

शेवटी एक गोष्ट, जी पळणाऱ्या सशाच्या मालकांनाच लवकर कळू शकते. हे सगळं केल्यावर गोट्या काही आठवड्यांत हळूहळू निवळला, गवत खातोय, लेंड्या नेहमीसारख्या मोठ्या आणि भरपूर आहेत, सकाळी दार उघडल्यावर धावत बाहेर येतोय, तर सगळं ठीक आहे. पण काल रात्रीपर्यंत दार खडखडवणारा ससा आज एकाएकी कोपऱ्यात अंग आक्रसून बसला, आवडती कोथिंबीर हुंगून सोडली, लेंड्या बारीक झाल्या किंवा बंद झाल्या, तर ‘चला, एकदाचा शिकला’ असं समजू नका. ते पोट बंद पडल्याचं लक्षण असू शकतं. दहा-बारा तास काहीच न खाल्लेला ससा हा तातडीचा रुग्ण असतो. सकाळची वाट न बघता डॉक्टरांकडे न्या. त्यासाठी सशांवर उपचार करणारा, रात्रीही उघडा असणारा दवाखाना कुठला आहे हे आजच फोन करून विचारून ठेवा, आणि तो नंबर पेनच्या दारावर चिकटवून टाका.